शुक्रवारची चव

शुक्रवारी आम्हां कॅथलिकांना मांस खायला मनाई आहे, शिजवायला नाही. आमच्या धर्मातली ही फट मला अडुसष्ट वर्षांत कधी दिसली नव्हती, कारण अडुसष्ट वर्षांत मी काही शिजवलंच नव्हतं. आधी आई शिजवायची, मग बायको, लुत्सिना, म्हणजे माझी लुशा, शिजवायला लागली, आणि मी टेबलाशी बसून सूप कसं असावं यावर बोलायचो. बोलायला मला चांगलं येतं. गावात कोणालाही विचारा. नको, विचारू नका.

लुशा कोंबड्यांना दाणे टाकायला गेली ती बर्फावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. तीन आठवडे इस्पितळात काढून बुधवारी घरी आली. तिचा पलंग मी ओढत ओढत पुढच्या खोलीत आणला, रस्त्याकडच्या खिडकीपाशी, आणि ओढताना दाराची चौकट फोडली. दुसऱ्या दिवशी तिच्या थोरल्या बहिणीचा, फेलित्सियाचा, बियालिस्टोक शहरातून फोन आला.

"झेनोन, शनिवारी दुपारी गाडी घेऊन येते. लुशाची बॅग भरून ठेव."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माझ्याकडे लिफ्ट आहे, खाली औषधांचं दुकान आहे, समोर दवाखाना आहे. तुझ्याकडे काय आहे?"

"मी आहे."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "तिला खायला काय घालणार? भाषण? आणि समज, तू लाकडं फोडायला मागे गेलास आणि ती पडली. कोण धावून येणार? निकिफोरशी तुझं भांडण. जेमिलशी भांडण. फादरना तर तू भरसभेत नको नको ते बोललास. अख्ख्या गावात एक दार आहे का, तू ठोठावलंस तर उघडेल असं?"

उत्तर नसलं की मी आधीच्या प्रश्नाचं उत्तर जोरात देतो.

"खायला कापुश्न्याक घालीन! आंबवलेला कोबी, डुकराच्या धुरावलेल्या बरगड्या, सगळं कसं आई करायची तसं. शनिवारी तूही जेवायलाच ये. डोळे मिटून करतो मी. नाही आवडला तर घेऊन जा तिला."

"चांगली चालायला लागेपर्यंत नेणार मी. ईस्टरपुरती नाही."

"ने!"

फोन ठेवला तेव्हा कुठे कळलं की मी चाळीस वर्षांच्या संसारातली बायको एका पातेल्यावर पणाला लावली होती. पातेलंही तिचंच.

आतून लुशाचा आवाज आला, "डोळे मिटून?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. लुशाचं 'बरं' ऐकायला लहान असतं.

तिला जायचं होतं की राहायचं होतं, हे मी विचारलं नाही. विचारायची सवय नव्हती, आणि ती 'जायचंय' म्हणाली असती तर मग मी काय केलं असतं?

आता कापुश्न्याक, म्हणजे आमचं आंबट कोबीचं सूप, आदल्या दिवशीच करावं लागतं. ताजा कापुश्न्याक म्हणजे गरम पाण्यातल्या तक्रारी. रात्रभर थंड पडवीत मुरला की त्याला अक्कल येते. म्हणजे शनिवारी जेवायचं तर शुक्रवारी शिजवायचं. तोही ईस्टरआधीच्या उपासातला शुक्रवार. ही गोष्ट डोक्यात यायला हवी होती. पण डोक्यात फेलित्सिया होती.

सकाळी तळघरात उतरलो. पिंपावरचा दगड उचलला, फळी काढली, कोबी चाखून पाहिला. कोबीला उपासाची मनाई नाही. ऑक्टोबरात घातलेला कोबी मार्चमध्ये असा होतो की एका चिमटीत माणसाचा चेहरा बदलतो. काही लोक असा कोबी धुऊन घेतात. धुणाऱ्यांना देशाबाहेर काढावं असं माझं मत आहे आणि ते मी लग्नाकार्यांत, मयतीत, बसस्टॉपवर मांडलेलं आहे. आता एवढं मांडल्यावर मी स्वतः धुणार कसा? तसाच घेतला, वर पिंपातलं आंबट पाणीही ओतलं. हौस म्हणून.

बरगड्या बाजारातल्या कसायाकडून आणल्या होत्या. धुरी छान होती. मिठात किती दिवस होत्या, हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. त्या उकळायला टाकल्या, मग कांदा, गाजर, वाळकी अळंबी, तमालपत्र, मिरी, शहाजिरं. मग कोबी. मग बटाट्याच्या फोडी, कच्च्या, थेट आत. बटाटे सोलताना बोट कापलं आणि हिटलरपासून आजच्या आरोग्यमंत्र्यांपर्यंत सगळ्यांना शिव्या घालून झाल्या.

"लुशा, मीठ किती टाकतेस?"

"डोळे मीट आणि टाक," पलंगावरून उत्तर आलं.

मी टाकलं. तासाभराने घरात असा वास सुटला की मी स्वतःवर खूश झालो. डावभर रस्सा काढला, फुंकला, तोंडाजवळ नेला.

आणि हात थांबला.

मी तो गृहस्थ आहे, ज्याने गेल्या वर्षी चर्चच्या सभेत उभं राहून सांगितलं की उपास ही मासे विकणाऱ्यांनी काढलेली युक्ती आहे आणि देव कोणाच्या पातेल्यात डोकावत नाही. लोक हसले होते. मी वर मान करून खाली बसलो होतो. तोच मी, स्वतःच्या घरात, दार बंद, पडदा ओढलेला, हातात डाव, आणि तोंड उघडेना. लहानपणी एकदा शुक्रवारी मी सॉसेजचा तुकडा ढापला होता तेव्हा आईने कान असा पिळला होता की आजही हवा बदलली की तो कान दुखतो. ती जाऊन तीस वर्षं झाली. पण डाव ओठाला लागायच्या आत कान दुखायला लागला.

डाव पातेल्यात परत ओतला. पुन्हा काढला. परत ओतला. बुरेक, आमचा कुत्रा, दोन्ही वेळा आशेने उठून बसला.

डाव घेऊन पुढच्या खोलीत गेलो. "लुशा, जरा चव बघ. आजाऱ्याला चालतं, फादरच सांगतात."

"मी आजारी नाही. मोडलेली आहे."

"तेच ते!"

"तेच कसं? आणि तू तर मानत नाहीस ना हे सगळं? घे की तूच."

"मी मानतच नाही!"

"मग घे."

मी दार आपटून बाहेर आलो. चव घेतल्याशिवाय मीठ कळणार नाही, मीठ कळलं नाही तर फेलित्सिया बॅग उचलणार. मला एक जीभ हवी होती, जिला शुक्रवार नसेल. दुधाच्या छोट्या पातेल्यात सूप घेतलं, झाकण ठेवलं, चमचा खिशात घातला आणि बर्फातून निघालो.

पहिलं दार निकिफोरचं. कुंपणापलीकडेच. तो ऑर्थोडॉक्स, त्याचं चर्च वेगळं, त्याचं कॅलेंडर वेगळं. त्याच्या आलुबुखाराची फांदी माझ्या अंगणात यायची, ती मी कापली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दार उघडून तो माझ्याकडे बघतच राहिला.

"कोणी गेलं का?"

"नाही. चव बघ."

त्याने झाकण उचललं. वाफ त्याच्या मिशांत गेली. त्याने झाकण लगेच खाली ठेवलं, जणू आत साप होता.

"शेजारी, तुझा एक शुक्रवार. माझे सात आठवडे. मांस नाही, अंडं नाही, दुधाचा थेंब नाही. रोज बीट आणि बटाटा. आणि तू माझ्या उंबऱ्यावर धुरावलेल्या बरगड्या घेऊन आलास? फांदी कापलीस ती परवडली रे."

"मला काय माहीत तुमचंही सुरू झालंय!"

"चाळीस वर्षं कुंपणाला कुंपण लावून राहतोस." मग त्याने झाकण परत उचललं आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. "खारट झालंय."

"वासावरून कळतं?"

"तुझ्या तोंडावरून कळतं. बटाटे वेगळे उकडलेस ना? आंबटात टाकले तर ते जन्मात शिजत नाहीत."

"अर्थात वेगळे!" मी म्हणालो. बटाटे त्या वेळी घरी आंबटात उकळत होते.

"पण तू कशाला शिजवतोयस? लुत्सिना कुठाय?"

"बुधवारी आली घरी. खुब्याचं हाड."

"बुधवारी? आणि हे आज सांगतोस?" तो आत बघून ओरडला, "अगं, लुत्सिना आलीय घरी! हा मठ्ठ खांब काही बोलला नाही!"

मी निघालो. मला जीभ हवी होती, चौकशी नको होती.

दुसरं दार जेमिलचं, वळणावरचं. त्याच्या घराण्याचे लोक तीनशे वर्षांपासून याच मातीत आहेत, टेकडीवर त्यांची लाकडी मशीद आहे. त्याच्या मधमाश्या आमच्या बागेत चोरी करतात असं मी त्याला एकदा तोंडावर सांगितलं होतं, आणि त्याने विचारलं होतं की मग पोलिसांत कोणाकोणाची नावं देणार आहेस. तेव्हापासून अबोला. पण जेमिल कॅथलिक नव्हता, ऑर्थोडॉक्स नव्हता, त्याला शुक्रवारच्या उपासाचं काही नव्हतं. वाटेत मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

"जेमिल, हे चाख."

"काय आहे?"

"कापुश्न्याक."

"कशाचा?"

"डुकराच्या..." म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. कॅथलिक नाही एवढंच डोक्यात घेऊन चालत आलो होतो. पातेल्यात काय आहे ते घरी विसरून.

जेमिलला इतकं हसू आलं की त्याने दाराची चौकट धरली. "शेजारी, माझ्या आजोबांनी खाल्लं नाही, पणजोबांनी खाल्लं नाही. तू मला शुक्रवारीच आणून देतोस! काही राग आहे का माझ्यावर?"

"आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही."

"निकिफोर काय म्हणाला?"

"तुला कसं कळलं मी त्याच्याकडे गेलो होतो?"

"त्याचा फोन आला ना. म्हणाला, झेनोन पातेलं घेऊन धर्म शोधत फिरतोय. तो म्हणतो खारट. मी म्हणतो आंबट. तू कोबी धुणाऱ्यातला नाहीस, हे मी तीन लग्नांत ऐकलंय. पैज लावली आहे आम्ही, मधाच्या बरणीची." मग हसू आवरून त्याने विचारलं, "लुत्सिनाताई कशा आहेत? उठता येतं?"

"वॉकर धरून. थोडं."

"हं. हा प्रश्न तुमच्या चर्चचा आहे, शेजारी. फादरना विचार."

मी म्हणालो, फादरना विचारण्यापेक्षा पातेलं डोक्यावर ओतून घेईन. आणि मग चर्चच्या रस्त्याला लागलो, कारण उरलं होतं कोण?

फादर चर्चच्या पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने काढत होते. तरुण माणूस, माझ्या मुलाच्या वयाचा, मला मुलगा असता तर. मला बघून त्यांनी फावडं अंगाजवळ धरलं. मी त्यांना दोष देत नाही.

"झेनोनराव. बऱ्याच दिवसांनी. घंटेचा आवाज अजून मोठा वाटतोय का?"

"वाटतोय. पण आलोय दुसऱ्या कामासाठी." आणि मी सांगितलं. सगळं. पातेलं, फेलित्सिया, शनिवार. सांगताना मान खाली होती. ती सभा आठवत होती.

फादरनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. त्यांचं गंभीर राहणं मला सर्वांत जास्त लागलं.

"पण झेनोनराव, स्वयंपाक करणाऱ्याने चव घेणं म्हणजे जेवणं नव्हे. ते पाप कधीच नव्हतं. आमच्या स्वयंपाकाच्या बाई दर शुक्रवारी घेतात. तुमच्या आईही घेत असतील."

"आई?"

"चव न घेता त्यांना कसं कळायचं?"

साठ वर्षं तो कान दुखतोय माझा. साठ वर्षं! आणि ती चुलीशी उभी राहून चमचा चाटत होती! मी तिथल्या तिथे, त्या माणसासमोर, पातेल्याचं झाकण काढलं, चमचा बुडवला आणि तोंडात घातला.

आता हे लक्षात घ्या की मी तासभर बर्फात फिरत होतो. सूप गार झालं होतं, वर चरबीची जाड साय धरली होती, आणि माझ्या चमच्यात आली ती नुसती सायच. जीभ थंडीने लाकूड झाली होती. मला मेणबत्ती चाखल्यासारखं वाटलं. मीठ? मिठाचा पत्ताच नव्हता.

"अळणी!" मी फादरना विजयाने म्हणालो. "निकिफोर म्हणतो खारट! काय कळतं त्याला?"

"गरम करून पुन्हा एकदा..." फादर मागून काहीतरी म्हणत होते. फादर काही सांगायला लागले की मी चालायला लागतो. ही जुनी सवय.

घरी येऊन मी मोठ्या पातेल्यात मूठभर मीठ टाकलं. मग जरा विचार केला आणि अजून अर्धी मूठ टाकलं. डोळे उघडे ठेवून. गरम झाल्यावर पुन्हा चव घ्यायचं काही कारण मला दिसलं नाही. चव तर घेऊन झाली होती. बटाटे अजून कडक होते. म्हटलं, रात्रीत होतील. बाहेरून आणलेलं गार सूप बुरेकला घातलं, वर पातेलं खंगाळायच्या आधी डावही चाटायला दिला. त्याने सगळं संपवलं, मग बादलीपाशी गेला आणि पाणी प्यायला लागला. बराच वेळ पीत होता. मी म्हटलं, गुणी कुत्रा आहे, पाणी भरपूर पितो.

शनिवारी फेलित्सिया आली. फरची टोपी, कडक बूट. आल्या आल्या दाराच्या फुटलेल्या चौकटीकडे बघितलं. लुशाची बॅग तिच्या पलंगाशी ठेवलेली होती. ती मी भरलेली नव्हती. लुशाने कधी भरली, वॉकर धरून कपाटापर्यंत कशी गेली, मला माहीत नाही.

टेबल पलंगापाशी ओढून मी तिघांना वाढलं. फेलित्सियाने पहिला घोट घेतला. तिचे डोळे मोठे झाले, मग बारीक झाले. तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि बुरेकसारखा रिकामा केला. मग चमच्याने बटाट्याची फोड दाबली. फोड ताटलीबाहेर उडाली, टेबलावरून टणटण करत जमिनीवर गेली. बुरेकने ती हुंगली आणि सोडून दिली.

"झेनोन," ती शांतपणे म्हणाली, "हे सूप आहे की समुद्र?"

मी चाखलं. काय सांगू? आधी आंबटाने जबडा बांधला, मग मिठाने तो सोलून काढला.

"लुशा, कोट घाल," फेलित्सिया म्हणाली. "ठरलं होतं तसं."

ठरलं होतं. मीच ठरवलं होतं. मी कोट आणायला उठलो.

तेवढ्यात दारावर थाप पडली आणि 'या' म्हणायच्या आत निकिफोर घुसला. हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं, मागे जेमिल, बुटांचा बर्फ दारातच आपटत.

"उरलंय का पातेल्यात काही?" निकिफोरने विचारलं. "रात्रभर बायको झोपू देत नाही. म्हणते, जाऊन विचारा, खारट की आंबट." मग लुशाकडे वळून टोपी काढली. "लुत्सिना, हे बटाटे. नुसते उकडलेले, मीठ नाही, काही नाही. उपासाचे. मला कालच कळलं होतं हा खोटं बोलतोय."

"चेष्टा करायला आलात?" मी म्हणालो.

"मग काय प्रार्थनेला?" जेमिल म्हणाला आणि फेलित्सियापुढे वाकला. "बाई, तुम्ही सांगा. या खोलीत आम्हां दोघांना हे खाता येत नाही, आणि याच्या जिभेवरचा गावाचा विश्वास काल उडाला. खारट, की आंबट? मधाची बरणी आहे यात."

फेलित्सिया सरळ बाई. तिने पुन्हा चमचा बुडवला, पुन्हा तोंडात घेतला आणि खरोखर विचार केला.

"आधी आंबट," ती म्हणाली. "पण मरायला होतं ते मिठाने."

"बघ!" निकिफोर ओरडला.

"आधी आंबट म्हणाल्या त्या!" जेमिल ओरडला. "आधी!"

लुशा हसायला लागली. पडल्यापासून पहिल्यांदा. खुबा धरून, 'अगं आई गं' करत हसत होती. हसत हसत तिने निकिफोरचे बटाटे आपल्या सूपच्या ताटलीत घेतले, किटलीतलं गरम पाणी वर ओतलं, कुस्करलं आणि खायला लागली.

"लुशा, अगं नको, बाधेल," फेलित्सिया म्हणाली.

"इस्पितळात तीन आठवडे मीठ दिलं नाही गं मेल्यांनी. सगळं भरून निघालं बघ एका घासात." तिने अजून एक चमचा घेतला, मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "झेनेक, तो कोट हातात घेऊन काय उभा आहेस? ठेव तो जागेवर."

मी ठेवला. खुंटीवर ठेवताना दोनदा खाली पडला.

फेलित्सियाने वाद घातला नाही. तिने त्या दोघांकडे बघितलं. जेमिल टेबलाखाली वाकून कडक बटाटा शोधत होता, बायकोला दाखवायला हवा म्हणून. निकिफोर सांगत होता की त्याची बायको सोमवारी लुशाला आंघोळ घालायला येईल, या खांबाला काय जमणार आहे. फेलित्सियाने पर्समधून फोन काढला.

"तुमचे दोघांचे नंबर द्या," ती त्यांना म्हणाली. "लुशाबद्दल काही जाणून घ्यायचं असेल तर मी तुम्हांला विचारीन. याला नाही. हा म्हणेल सगळं डोळे मिटून चाललंय."

जाताना तिने कोबीची एक बरणी मागितली. मी तळघरातून भरून आणून दिली.

"घरी जाऊन स्वच्छ धुऊन घेईन," ती माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली आणि गाडीचं दार लावलं.

मी काहीही बोललो नाही. याची नोंद कोणीतरी घ्यायला हवी होती.

रविवारी फादरनी प्रवचनात उपासाबद्दल बोलता बोलता सहज सांगितलं की चव घेणं हे जेवण नव्हे, फक्त ती गरम असताना घ्यावी. मी ज्या खांबामागे बसलो होतो तिकडे वळून अख्खं चर्च हसलं. गेल्या वर्षी मी हसवलं तेव्हापेक्षा जास्त हसलं, हे मला मान्य करावं लागतं.

पातेलं अजून अर्धं भरलेलं होतं. संध्याकाळी मी थोडं बुरेकच्या ताटलीत ओतलं. तो आला, हुंगलं, माझ्याकडे बघितलं. मग वळून आधी बादलीपाशी गेला आणि पाणी भरलेलं आहे ना ते बघून आला.

"पुढच्या वेळी," लुशा खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "गुरुवारी कर."